पुळणीवरची बीप टेस्ट

गुहागरच्या पुळणीवर घेतलेल्या बीप टेस्टमध्ये (20 मीटरवरच्या दोन रेषांमध्ये, वाढत्या वेगाच्या बीपच्या तालावर ये-जा धावायची दमाची चाचणी) कबड्डीच्या पोरांचे आकडे कमी आले, म्हणून त्यांचा दम कमी असं ठरवू नका. वाळूत पाय रुततो, वळताना पकड सुटते आणि त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागतो. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते काढायचं सूत्र कडक जमिनीसाठी आहे: प्रौढांसाठी शेवटच्या पातळीचा वेग (ताशी किमी) गुणिले 6, वजा 24.4. ताशी 12 किमीला 47.6 मिली ऑक्सिजन प्रति किलो वजन प्रति मिनिट. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे लावू नका, त्यांचं वय धरणारं सूत्र वेगळं आहे.

शाळेचं मैदान किंवा जांभ्याचा सपाट कातळ घ्या, पण खडी झाडून. 20 मीटर टेपनेच मोजा. सुंभाची दोरी ताणली जाते. अर्धा मीटर कमी पडला तर 12 चा वेग प्रत्यक्षात 11.7 होतो, म्हणजे जवळजवळ 2 मिलीची चूक.

सुरुवात ताशी 8.5 किमीने, मग दर मिनिटाला एक पातळी, म्हणजे ताशी अर्धा किमी वाढ. रेषेला पाय टेकलाच पाहिजे. गोल वळसा घेणाऱ्याला तिथेच टोका. लागोपाठ दोन बीप चुकल्या की बाद. स्पीकर मोठाच हवा, वाऱ्यात मोबाइलचा आवाज विरतो. आणि पुढची टेस्टही सकाळी त्याच वेळी घ्या: आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, ऊन चढलं की पोरं लवकर थांबतात.