बी-विंगचा ग्रुप : सावंत काकांची दाढ

*सोमवार*

सावंत काका (३०२): मंडळी, ओळखीचा चांगला दाताचा डॉक्टर आहे का कुणाचा? खालची उजवी दाढ. रात्री आडवा झालो की ठणका, उठून बसलो की जरा कमी. पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसलो होतो.

जोशी काकू (१०३): लवंगेचं तेल लावा भावजी, कापसाच्या बोळ्याने. आमच्या सासूबाई मशेरी दाबून धरायच्या, दाढ गप्प.

पाटील (सेक्रेटरी): कृपया नोंद घ्यावी. आज ११ ते १ टाकी धुणार आहेत, पाणी बंद राहील.

डॉ. मृणाल (५०१): काका, चहा घेतल्यावर कळ येते का? आणि घोट संपला की लगेच जाते की रेंगाळते?

सावंत काका: चहाचं नाव काढू नकोस. पाच-दहा मिनिटं मस्तकात जाते. गार पाणी तोंडात धरलं तर मात्र बरं वाटतं.

डॉ. मृणाल: मग आतली नस सुजलेली दिसतेय. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो, आणि भोवती सगळ्या बाजूंनी कडक भिंत. सूज आली तरी फुगायला जागा नाही, म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. एक्स-रे काढल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण रूट कॅनलची तयारी ठेवा. लवंगेच्या तेलाने तात्पुरतं बधिर होतं, एखादा थेंब चालेल. मशेरी नको काकू, प्लीज.

सावंत काका: नातवाच्या घशासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या पडल्यात घरात. सुरू करू का?

डॉ. मृणाल: अजिबात नको. सुजलेल्या नसेवर अँटिबायोटिक काही करत नाही. नुसत्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि गोळी गिळायची, हिरडीवर ठेवायची नाही. ॲस्पिरिन हिरडीवर ठेवून चामडी भाजलेले पेशंट मी पाहिलेत.

रोहन (४०१): काका, रूट कॅनल नका करू, उपटून टाका. एकदाच काय तो निकाल.

जोशी काकू: वरची नाहीये ना? वरची काढली की नजर जाते म्हणतात.

डॉ. मृणाल: काकू, वरच्या दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही. रोहन, चावायची मुख्य दाढ काढलीस की शेजारच्या दाढा त्या जागेत कलतात, वरची खाली उतरायला लागते. मग तिथे ब्रिज (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून लावलेला), ते बहुतेक वेळा रूट कॅनल आणि कॅपहून महाग. दाढ वाचण्यासारखी नसेलच, मूळ उभं चिरलेलं असेल, तर काढावी. पण ते तपासून ठरतं, कंटाळा आला म्हणून नाही.

*बुधवार*

सावंत काका: शुभ वार्ता. त्या चार गोळ्या घेतल्याच मी, रागावू नकोस. ठणका पूर्ण गेला. उद्याची अपॉइंटमेंट रद्द केली.

रोहन: 👏👏

डॉ. मृणाल: टाळ्या नका वाजवू. काका, आता चहाने कळ येते?

सावंत काका: नाही. गरम नाही, गार नाही, काहीच कळत नाही त्या दाढेत.

डॉ. मृणाल: म्हणजे गोळ्यांनी गुण आलेला नाही, बहुधा नस मेली आहे. कळ जाणार कुठून, कळवणारंच कुणी उरलं नाही. कीड आणि जंतू आत तसेच आहेत. मेलेल्या नसेत रक्त जात नाही आणि औषध जातं रक्तातून. इमारतीचा मेन व्हॉल्व्ह बंद असताना टाकीत औषध टाकलं तर तुमच्या नळाला येईल का? काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, मुळाच्या टोकाशी पू होतो आणि मग गाल सुजतो. अपॉइंटमेंट परत घ्या. आजच.

पाटील (सेक्रेटरी): मॅडम, गाल सुजला तर बाहेरून शेकायचा ना? आमच्याकडे मिठाच्या पुरचुंडीने शेकतात.

डॉ. मृणाल: बाहेरून शेकू नका. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा आणि डॉक्टरकडे जा. सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास जड झाला किंवा ताप चढला, तर दवाखान्याची वेळ बघत बसू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. दाढेच्या जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो, हे लोकांना खरं वाटत नाही.

जोशी काकू: ↪️ पुढे पाठवलेला मेसेज: *सावधान!! रूट कॅनल केलेला दात म्हणजे तोंडातला मुडदा. त्यातूनच कॅन्सर व हृदयविकार. डॉक्टर लोक हे लपवतात. १० जणांना पाठवा.*

डॉ. मृणाल: काकू, हे शंभर वर्षं जुनं आहे. १९२०च्या सुमारास अमेरिकेत वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्याने असा सिद्धांत मांडला, त्यापायी त्या काळात लोकांचे धडधाकट दातही उपटले गेले. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही. व्हॉट्सॲपवर मात्र अजून टिकून आहे.

जोशी काकू: बरं बाई, डिलीट करते. मी दहाच जणांना पाठवलं होतं.

सावंत काका: मृणाल, घेतली परत अपॉइंटमेंट. एवढं सांग, ते नक्की करतात काय? रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे माझी, ती आजपासून बंद करतो.

डॉ. मृणाल: गोळी मनाने बंद करायची नाही! रूट कॅनलसाठी ती सहसा थांबवावी लागतच नाही. सगळ्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या आणि पोटभर नाश्ता करून जा, मधुमेहवाल्यांनी तर नक्कीच. आधी भूल. सुजलेल्या खालच्या दाढेला कधी कधी एका इंजेक्शनने पुरेशी भूल चढत नाही. दुखलं तर सोसत बसायचं नाही, डावा हात वर करायचा, आणखी भूल देतात.

मग दाताला रबराचा पडदा लावतात, नुसती ती दाढ बाहेर डोकावते. हा पडदा आवर्जून मागा. आत घासायच्या बारीक सुया घशात जात नाहीत, थुंकी दाढेत जात नाही. ओठाला एक छोटा हूक अडकवतील आणि मशीन टीं-टीं वाजेल, ते मुळाची लांबी मोजतंय. क्लोरीनचा वास येईल, ते आतून धुण्याचं औषध. खालच्या दाढेच्या मुळांत नसेच्या बहुधा तीन, कधी कधी चार नळ्या. एखादी राहून गेली तर जंतू तिथेच राहतात. म्हणून कुणी ‘अर्ध्या तासात आणि सगळ्यात स्वस्त’ म्हणालं तर मी तरी दोनदा विचार करेन. नळ्या स्वच्छ झाल्या की गटापर्चा भरतात, गुलाबी कांड्या असतात.

देशपांडे काका (२०४): गटापर्चा?? अहो, मी टेलिग्राफ खात्यातला माणूस! झाडाचा चीक तो. समुद्राखालच्या तारांना त्याचंच वेष्टण असायचं. १८७०ला सुएझ-एडन-मुंबई तार टाकली, तिलाही गटापर्चा.

डॉ. मृणाल: तोच काका. पाण्याला दाद देत नाही, म्हणून दोन्हीकडे कामाला आला.

सावंत काका: म्हणजे माझ्या तोंडातून लंडनला तार जाणार.

रोहन: 😂😂

*पुढचा मंगळवार*

सावंत काका: पहिली बैठक झाली. इंजेक्शन टोचलं तेवढंच, बाकी चक्क डुलकी लागली. आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरलंय. आता चावताना जरा दुखतंय, बिघडलं का काही?

डॉ. मृणाल: नाही, मुळाभोवतालचा भाग दुखावलेला असतो, दोन-चार दिवस राहतं. वाढत गेलं किंवा सूज आली तर फोन करा. त्या बाजूने शेंगदाणे, चकल्या नकोत. सिमेंटचा वरचा थर झिजला तर ठीक, आख्खं निघालं तर लगेच जायचं.

सावंत काका: आणि कॅप? त्याचे पैसे वेगळे म्हणे. मेडिक्लेमवाले तर नाहीच म्हणाले. दुखणं थांबलं, मग कॅप दिवाळीनंतर केली तर?

नेहा (४०४): काका, माझ्या दिराने हेच केलं. भाकरीचा कडक पापुद्रा चावताना दाढ उभी दुभंगली, काढावीच लागली. रूट कॅनलचे पैसेही गेले, दाढही गेली.

डॉ. मृणाल: ऐका तिचं. कीड आणि वरून पाडलेलं भोक, यांनी दाढ आधीच पोखरलेली असते, त्यावर चावण्याचा जोर. पुढच्या दाताचं एखादवेळी नुसत्या फिलिंगवर भागतं, मागच्या दाढेला जवळपास नेहमीच कॅप लागते. दातासारखी पांढरी दिसणारी झिर्कोनियाचीच हवी असं नाही. मागची दाढ कोण बघतंय, धातूचीही उत्तम टिकते, स्वस्तही पडते. खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. शिकणारी मुलं करतात पण सर-मॅडम डोक्यावर उभे असतात. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा, फेऱ्या जास्त होतील. आणि कॅप बसली म्हणजे दाढ अमर झाली असं नाही, कडेने पुन्हा कीड लागू शकते, आणि नस नसल्यामुळे कळणारही नाही. ब्रश करायचाच.

नेहा: मृणालताई, विषय निघालाच आहे तर, आमच्या अन्वयच्या दाढेला काळं भोक दिसतंय. सात वर्षांचा आहे. दुधाचीच आहे, पडेल ना?

डॉ. मृणाल: कितवी? अगदी शेवटची?

नेहा: हो, सगळ्यात मागची.

डॉ. मृणाल: मग ती बहुतेक दुधाची नाहीच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पक्की दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडिलांना पत्ता लागत नाही. ती आयुष्यभराची. आत्ता साध्या फिलिंगवर भागेल, थांबलीस तर सावंत काकांच्या रांगेत.

नेहा: अरे देवा! थांब, तोंड उघडून फोटो काढून टाकते.

डॉ. मृणाल: ग्रुपवर नको गं, मला पर्सनलवर पाठव.