मदत हवी आहे: साधं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न बदलायचंय, काय घ्यावं?

छंद म्हणून लहान सर्किटं जुळवतो. बहुतेक काम थ्रू-होलचं, म्हणजे बोर्डाच्या भोकांतून पाय घालून लावायच्या भागांचं: रेझिस्टर, आयसीचे सॉकेट, हेडर पिना, वायरी. आता ०८०५ मापाचे (साधारण २ मिमी लांबीचे) एसएमडी, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणारे भागही लावायचे आहेत.

सध्याचं आयर्न थेट मेन्सवर लागतं, तापमान कमी-जास्त करायची सोय नाही. सुट्या पिना व्यवस्थित बसतात, पण ग्राउंडची, म्हणजे बोर्डावरच्या मोठ्या तांब्याला जोडलेली पिन आली की गाडी अडते. सोल्डर वितळतं, पिनेभोवती गोळा होतं आणि पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) काही केल्या पसरत नाही. जास्त वेळ टेकवून धरलं तर फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारं द्रव्य) काळा पडतो. एका बोर्डावर तर पॅडच उचकटून आला. टिप सुईसारखी अणकुचीदार आहे.

६० वॉटचं साधं आयर्न घेतलं तर भागेल का? की स्टेशनच घ्यावं? यूएसबी-सीवर चालणाऱ्या पेनसारख्या आयर्नबद्दलही बरंच ऐकतोय. वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

६० वॉटचं साधं अजिबात घेऊ नका. साध्या आयर्नमध्ये हीटर कायम चालू असतो. स्टँडवर नुसतं पडून असताना टिप ४०० अंशांच्या वर जाऊ शकते आणि ग्राउंडच्या तांब्याला टेकली की झपकन गार होते. म्हणजे नको तेव्हा जास्त, हवं तेव्हा कमी. वॉट वाढवलेत तर पडून असताना टिप आणखी लवकर जळेल आणि नाजूक पॅड आणखी पटापट सुटतील.

तापमान नियंत्रित असेल तर गणित उलटतं. तिथे ६०-७० वॉट म्हणजे राखीव ताकद. ३३० अंश लावलंत तर ते ३३० च धरून ठेवायला बघतं, जोर फक्त ग्राउंडच्या पिनेवर लावतं. त्यामुळे नियंत्रण आधी, वॉट नंतर.

त्यातही दोन जाती आहेत. हाक्को ९३६ च्या धर्तीच्या स्टेशनमध्ये सिरॅमिक हीटर वेगळा आणि त्यावर पोकळ टिप सरकवलेली. मधल्या फटीमुळे उष्णता पोचायला वेळ लागतो. टी१२ सारख्या कार्ट्रिजमध्ये हीटर, सेन्सर आणि टिप एकाच नळीत असतात, सेन्सर टोकाजवळ असतो, त्यामुळे टिप गार होऊ लागली की लगेच कळतं. टिपा महाग पडतात हे खरं, पण तुमच्या ग्राउंडच्या दुखण्यावर औषध हेच.

आणि ती सुई फेकून द्या! खरं तर आयर्नच्या आधी टिप बदला. शंकूच्या टोकाला पिन आणि पॅड मिळून जेमतेम टिंबाएवढी जागा टेकते, मग उष्णता जाणार कुठून? २.४ मिमीची छिन्नी टिप घ्या, टी१२ मध्ये तिला डी२४ म्हणतात. सपाट बाजूवर आधी चिमूटभर सोल्डर घ्या, ती बाजू पिन आणि पॅड दोघांना एकदम लागेल अशी धरा, दोनेक सेकंदांनी पलीकडून तार लावा. तार टिपेवर नाही, जोडावर वितळली पाहिजे. ०८०५ सुद्धा याच टिपेने होतात.

टिपेला कानस मात्र लावू नका. आत तांबं असतं, वर लोखंडाचा पातळ मुलामा. तो गेला की सोल्डर तांबं खात सुटतं.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत, फक्त यूएसबी-सीबद्दल भर घालतो. पाइनसिल आणि टीएस१०० ही दोन्ही पेन-आयर्नं वापरलीत, हातात हलकी, तापतात भराभर. पण चार्जर बघून घ्या. टिपेचा रोध साधारण ८ ओहम धरा: १२ व्होल्टला जेमतेम १८ वॉट मिळतात, २० व्होल्टला ५०. फोनचा चार्जर लावून ‘तापतच नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. पाइनसिलला २० व्होल्ट देणारा पीडी (यूएसबी-सीवरून जास्त व्होल्टेज देणारा) चार्जर हवा. जुन्या टीएस१०० ला यूएसबी-सीवरून वीज घेता येत नाही, त्याला गोल पिनेचा वेगळा अडॅप्टर लागतो.

दुसरं म्हणजे अर्थिंग. दोन पिनांच्या अडॅप्टरवर टिप अर्थला जोडलेली नसते. मीटर लावला तर तिच्यावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास एसी दिसू शकतो. करंट नगण्य असतो, पण मॉसफेट या नाजूक ट्रान्झिस्टरच्या गेटला तेवढंही नको. काही मॉडेलांना अर्थची वायर जोडायला स्क्रू असतो, तो वापरा. घरीच एका टेबलावर काम असेल तर तीन पिनांचं स्टेशन घ्या आणि निश्चिंत व्हा.

धागाकर्ता

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. काम टेबलावरच असतं, त्यामुळे टी१२ स्टेशनकडे कल झुकतोय. सोल्डर कोणतं वापरू? शिशाची भीती वाटते, मुलं घरात असतात.

प्रतिसाद

शिकताना ६३/३७, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लिबलिबीत अवस्था नाही, त्यामुळे हात हलून जोड बिघडायची शक्यता कमी. बिनशिशाचं एसएसी३०५ (कथील, चांदी, तांबं) सुमारे २१७ च्या पुढे वितळतं, पसरायलाही जरा हट्टी. मुलांमुळे तेच हवं असेल तर टिप ३६०-३७० वर ठेवा, चांगल्या स्टेशनवर जमतं. तार ०.८ मिमीची, आत रोझिन फ्लक्स असलेली. नळजोडणीचा ॲसिड फ्लक्स बोर्डाच्या जवळपासही आणू नका, तांबं गंजतं.

धूर दिसतो तो फ्लक्सचा, या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. पण रोझिनचा धूर फुप्फुसांना वाईटच, दम्याचं कारण ठरतो. लहान पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातावाटे, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, आणि तिथे खाणंपिणं नको.

धागाकर्ता

ठरलं, टी१२ आणि डी२४. एक शेवटचं: वापरात नसताना स्टेशन आपोआप झोपायची (टिप गार करायची) वेळ किती मिनिटं ठेवता?

प्रतिसाद

पाच. आणि ठेवण्याआधी टिपेवर सोल्डरचा थेंब राहू द्या, पुसून ठेवू नका.