क्राऊन-टेल बदलल्यापासून घाट उतरताना ऊऊऊ आवाज, शिमचा (जाडी जुळवायच्या पातळ चकत्यांचा) घोळ आहे का?

घाटातली_जीप (सातारा)
मंडळी, जुनी जीप आहे, मागच्या अ‍ॅक्सलचं क्राऊन-टेल पिनियन सेट (क्राऊन म्हणजे मोठं दातेरी चक्र, टेल किंवा पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं छोटं) आणि बेअरिंग सगळं नवीन टाकून तीन आठवडे झाले. यवतेश्वरचा घाट चढताना गाडी एकदम गप्प, पण कासवरून परत येताना रेस सोडली की 40-50 ला मागून ऊऊऊ सुरू, परत रेस दिली की बंद. बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मी स्वतः उभं राहून डायल लावून बघितलाय, 0.18 मिमी आला. मिस्त्री म्हणतो हजार किमी पळव, दात बसतील. पहिल्यांदा दातांना रंग लावून घेतलेली छाप दाताच्या मुळाकडे येत होती म्हणून त्याने पिनियनमागची शिम 0.10 ने पातळ केली, मग छाप मधे आली. मग आता काय राहिलं राव?

ट्रॉलीवाला_सांगली
दात बसत वगैरे नाहीत भावा, क्राऊन आणि टेल कंपनीतनंच जोडीने घासून येतात, आवाज करणारा सेट पळवला तर बसत नाही, संपतो. फक्त रेस सोडल्यावरच आवाज म्हणजे मला टेलच्या बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) ढिला वाटतोय. प्रोपेलर शाफ्ट सोड, फ्लँज (शाफ्ट जोडायची टेलवरची चकती) दोन्ही हातांनी धर आणि आत-बाहेर ओढून बघ. जरा जरी हललं तरी उत्तर मिळालं. आमच्याकडं ऊसाच्या सीझनला हे रोजचंच.

लेथकाका (मिरज)
बरोबर सांगितलंय. पण गंमत तुझ्याच प्रश्नात आहे बाळा, 'शिम 0.10 ने पातळ केली' हे वाक्य परत वाच. तुझ्या अ‍ॅक्सलला प्रीलोडसाठी क्रश स्लीव्ह (नट आवळला की चेपणारी नळी) आहे का शिम ते आधी बघ. काहींमध्ये डेप्थची (पिनियन किती आत ते ठरवणारी) शिम आतल्या बेअरिंगच्या कपामागे (हाऊसिंगमध्ये बसणाऱ्या कड्यामागे) असते आणि प्रीलोडच्या शिम बाहेरच्या बेअरिंगपाशी पिनियनवर. असं असेल तर आतली शिम काढली की तो कप 0.10 बाहेर सरकतो, दोन कपांमधलं अंतर कमी होतं, आणि बेअरिंग मोकळं पडतं. म्हणजे आतून जेवढी काढली तेवढीच प्रीलोडमधूनही काढायची. छाप सुधारते म्हणून माणूस खूश होतो आणि हे विसरतो, मी पण एकदा विसरलोय, गिऱ्हाईकासमोर.

प्रीलोड मोजायला टॉर्क रेंच नसेल तर फ्लँजला दोरी गुंडाळ आणि स्प्रिंग काटा लावून सावकाश ओढ. क्राऊन बाहेर, सील काढलेला, आणि फिरायला लागल्यावरचा आकडा घ्यायचा, सुरुवातीचा झटका नाही. 20 इंच-पाउंड म्हणजे साधारण 23 किलो-सेंमी, फ्लँजची त्रिज्या 4 सेंमी असली की काट्यावर पावणेसहा किलो. किती पाहिजे ते मॅन्युअलमध्ये बघ, नव्या बेअरिंगला जास्त, जुन्याला निम्म्याच्या आसपास.

ट्रॉलीवाला_सांगली
स्लीव्हवाला असेल तर एकदा नट जास्त आवळला गेला की मागे सोडून जमत नाही हां, स्लीव्ह नवीनच.

घाटातली_जीप (सातारा)
काका, शिमवालाच आहे! फ्लँज हलतोय, कटकट ऐकू येते. छाप परत घ्यायला काय लावू, मागच्या वेळी निळी शाई होती, काही दिसतच नव्हतं नीट. देव्हाऱ्यातला शेंदूर चालेल का?

लेथकाका (मिरज)
तो नको, आईसाहेब बाहेर काढतील. रंगाच्या दुकानातला रेड लेड (शिशाची नारंगी पूड) घे, तेलात घट्टसर कालव, चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी लाव. क्राऊनला लाकडाच्या ठोकळ्याने रोध देऊन टेल फिरव, तशीच मोकळी फिरवली तर छाप खोटी येते. छाप मुळात गेली तर पिनियन जास्त आत, शेंड्याला गेली तर कमी आत. ओढण्याच्या आणि सोडण्याच्या दोन्ही बाजू बघ, तुझा आवाज दुसऱ्या बाजूचा आहे. बॅकलॅश परत बघायला विसरू नको, पिनियन जरा सरकला की तोही बदलतो, आणि एकाच जागी न बघता क्राऊन फिरवून तीन-चार ठिकाणी. आणि हात धुवून जेव, शिसं आहे त्यात.

घाटातली_जीप (सातारा)
झालं. मिस्त्री आधी तोंड पाडून बसला, मग दोरीचा काटा बघून स्वतःच हसला. प्रीलोडच्या शिममधून 0.10 काढली, काटा साडेपाच किलो. छाप मधेच, बॅकलॅश 0.20. तेल 80डब्ल्यू-90 जीएल-5 नवीन भरलं. काल रात्री कासवरून उतरलो, खिडकी उघडी ठेवून, फक्त टायरचा आवाज. बोटं अजून नारंगी आहेत.