पहिलीचं वाचन: आधी बाराखडी, आधी गोष्ट की आधी अक्षरगट?

पहिलीच्या बाई, कराड तालुका

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिलीचा वर्ग घेते. पाठ्यपुस्तक बालभारतीचंच राहणार, त्यावर वाद नाही. वाद आहे तो रोजच्या वाचनाच्या तासाचा. अक्षरं कुठल्या क्रमाने घ्यायची आणि गावाने जमवलेल्या लोकवर्गणीतून काय आणायचं, यावरून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन तट पडले. बहुतेक पालकांचं म्हणणं, आधी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. काही जणी म्हणाल्या, गोष्टींची पुस्तकं आणा, मुलं आपसूक वाचायला लागतील.

मला दोन्ही पटत नाही. क ख ग घ ङ ही पहिली ओळ घ्या. काना-मात्रा नसेल तर या पाच अक्षरांतून मुलाच्या रोजच्या बोलण्यातला एक तरी शब्द होतो का? ङ तर सुटा कुठे भेटतच नाही. मूल आठवडेच्या आठवडे अक्षरं घोकतं आणि वाचायला त्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याऐवजी म, क, ल, न ही चार अक्षरं आणि काना, दुसरी वेलांटी एवढंच घेतलं, तर "मामाला काम", "मीनाला मका" हे मूल स्वतः जोडून वाचतं. हा झाला पहिला अक्षरगट. पुढच्या गटात आणखी चार-पाच अक्षरं, एखाद-दुसरी मात्रा. भ-म, घ-ध, ब-व अशा दिसायला सारख्या जोड्या एका गटात येऊ द्यायच्या नाहीत.

ही माझी कल्पना नव्हे. आपल्याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठी वाचन कसं शिकवावं यावर तिथे वर्षानुवर्षं काम केलं. जिल्ह्यातल्याच कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी जे उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते. एवढं सगळं जवळ असताना आपण पुन्हा "आमच्या वेळी असंच होतं" यावर का थांबायचं?

निवृत्त गुरुजी, विटा

बाई, तुमची तळमळ कळते, पण बाराखडीला इतकं खाली आणू नका. आपली वर्णमाला अशीतशी रचलेली नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असा उच्चारस्थानांचा क्रम आहे. मूल क ख ग घ म्हणतं तेव्हा त्याचा उच्चार घडत असतो. बाराखडीतून त्याला नियम कळतो: एकदा "का" समजला की मा, ला, ना सगळे समजले. तुमच्या अक्षरगटात हा नियम त्याला तुकड्या-तुकड्यांनी मिळणार.

दुसरं असं की घरी आजी असते, आई असते. त्यांना बाराखडी येते. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मुलाला जवळ घेऊन त्या म्हणवून घेतात. अक्षरगट घरात कोणाला ठाऊक आहे? तुम्ही शिकवण्यातून घराला बाहेर काढताय. आमच्या हाताखालून पिढ्या शिकल्या, त्यातले कितीतरी जण आज स्वतः शिक्षक आहेत.

सेमीची आई

माझी मुलगी सेमी इंग्रजीला आहे. तिच्या शाळेत जॉली फॉनिक्स आहे, ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवण्याची पद्धत. सहा महिन्यांत ती छोटे इंग्रजी शब्द वाचायला लागली. मराठीलाही असंच काहीतरी विकत मिळत असेल तर तेच आणा, वाद कशाला?

पहिलीच्या बाई

ताई, तुम्ही मुद्द्यालाच हात घातला. जॉली फॉनिक्समध्ये बेचाळीस ध्वनी शिकवतात, पण ए-बी-सी-डीच्या क्रमाने नाही. पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन असा आहे. कारण एवढ्यावर सॅट, पिन, टिप असे पुष्कळ शब्द लगेच होतात. म्हणजे इंग्रजीसाठी आपण अक्षरगट आनंदाने स्वीकारले, त्यासाठी फीसुद्धा भरली. मराठीला तोच विचार लावला की मात्र परंपरा मोडल्यासारखं वाटतं.

गुरुजी, "का"वरून मा, ला, ना कळतात हा नियम मला हवाच आहे. तो मामा, काका, नाक, लाल अशा शब्दांतून लवकर कळतो. आपल्या लिपीत खरी अडचण वेगळीच आहे. "कि" लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. पुढे रफार, जोडाक्षरं. बाराखडीत "कि" चालीवर म्हणणारं मूल मध्येच "दिवा" समोर आला की अडतं. चाल सुरू करून दिली की पूर्ण म्हणतं, एकटं अक्षर दाखवलं की थांबतं. हे गुरुजी, तुम्हीही वर्गात पाहिलं असणार.

आणि जुन्या पद्धतीने शिकून जे शिक्षक झाले ते आपल्याला दिसतात. चौथीनंतर शाळा सोडून शेतात, वीटभट्टीवर गेलेले त्या मोजणीत येत नाहीत.

वाई, बालवाचनालय चालवते

बाईंचा मुद्दा अर्धाच आहे. "मीनाला मका" हे वाक्य मूल वाचेल, पण त्यात वाचावंसं काय आहे? गोष्ट नाही, माणूस नाही, पुढे काय झालं ही ओढ नाही. मी दर शनिवारी मुलांना पुस्तकं देते. अक्षरं येतात, पण वाचत नाहीत, अशी पाचवी-सहावीची मुलं ढिगाने येतात. वाचन म्हणजे अक्षरांची गाळलेली जागा भरणं, असं त्यांच्या मनात पहिलीतच बसलेलं असतं.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं साधं सूत्र आहे: वाचून अर्थ कळणं म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. भाषा शून्य तर उत्तर शून्य. आपल्या जिल्ह्यात भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, बाहेरचे लोक येऊन वाचत बसतात, आणि शेजारच्या गावातल्या पहिलीच्या वर्गात दहा चित्रपुस्तकं नसतात. लोकवर्गणीचा पैसा पुस्तकांवर लावा. अक्षरपट्ट्या पुठ्ठा कापूनही होतात.

पहिलीच्या बाई

गुणाकार दोन्ही बाजूंनी लागतो. अक्षर उलगडणं शून्य असेल तरी उत्तर शून्यच. चित्र बघून, शब्दाचं पहिलं अक्षर बघून अंदाजाने वाचणारं मूल दुसरीपर्यंत वाचतंय असं वाटतं. तिसरीत चित्रं कमी झाली की उघडं पडतं. अमेरिकेत शब्द अंदाजाने ओळखायला शिकवण्याची पद्धत फार पसरली होती, आता तिथली कितीतरी राज्यं ती मोडून काढताहेत. ते आपण नव्याने कशाला आणायचं?

पण पुठ्ठ्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते मी समितीपुढे ठेवते.

जत, सीमेकडची शाळा

इथे सगळे मराठी घर धरून बोलताहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड. त्यांना "मका" वाचता आला तरी तो म्हणजे काय हे सांगावं लागतं. आधी बोलणं, चित्रावर गप्पा, गाणी; अक्षरं थोडी उशिरा आली तरी चालतील. सोनाली नाग यांचं कन्नड अक्षरांवरचं संशोधन सांगतं की पूर्ण अक्षरसंच पक्का व्हायला तिसरी-चौथी उजाडते. देवनागरीचंही फार वेगळं नाही. मग पहिलीत एवढी घाई कशाची?

वरून निपुण या सरकारी अभियानाचं लक्ष्य: तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, तेही समजून. यातलं "समजून" तपासणीच्या दिवशी कोणी विचारत नाही, घड्याळ मात्र लावतात. मुलं धापा टाकत वाचतात.

पहिलीच्या बाई

सर, घड्याळाबद्दल मी तुमच्याच बाजूला आहे. पण उशीर परवडतो तो ज्याच्या घरी पुस्तक आहे त्याला. असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के निघाली. २०२२ साली १६.३ टक्के होती. वाढ झाली, तरी चारातली तीन मुलं अजून बाहेरच आहेत. बोलणं आणि अक्षरं रोज दोन्ही हवीत, एकासाठी दुसरं थांबवू नये.

कारखान्याच्या वाटेवरची शाळा

एक प्रश्न कोणीच विचारला नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडची मुलं अर्ध्या वर्षासाठी आमच्या पटावर येतात, कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की जातात. तिकडे बाराखडी चालू असेल आणि इकडे तुमचा तिसरा अक्षरगट, तर ते मूल दोन्हीकडून तुटतं. बाराखडी निदान सगळ्या महाराष्ट्रात एक आहे. प्रत्येक शाळेने आपापला क्रम लावला तर सगळ्यात गरीब मुलाचं नुकसान.

निवृत्त गुरुजी, विटा

हा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा वजनदार आहे. बाई, यावर काय?

पहिलीच्या बाई

हा खरा पेच आहे, आणि क्रम राज्यभर एकच असावा असं मलाही वाटतं. तोपर्यंत मी असं करणार: नवीन मूल आलं की त्याला गटाच्या मागे ढकलायचं नाही. पहिल्या दिवशी सुटी अक्षरं उलटसुलट दाखवून कुठली ओळखतं ते बघायचं आणि येणाऱ्या अक्षरांतूनच त्याचे शब्द बनवायचे. बाराखडी घोकून आलेलं मूल या तपासणीत बहुधा सात-आठ अक्षरं सुटी ओळखतं. तेवढ्यावरही वाक्यं होतात. जाताना त्याच्या वहीत येणाऱ्या अक्षरांची यादी लिहून द्यायची, म्हणजे तिकडच्या शिक्षकांना सुरुवात कुठून करायची ते कळेल.

समितीपुढे मी आता हे ठेवतेय. अक्षरपट्ट्या आणि शब्दडोंगराची (ओळीगणिक एकेक शब्द वाढत जाणाऱ्या वाक्याची) पानं आम्ही शाळेत बनवू, पालकांनी एक दुपार हाताखाली यावं. पैसा सगळा चित्रपुस्तकांवर. त्यातली गोष्ट रोज मी वाचून दाखवणार, मुलांकडून वाचून घेणार नाही. मुलांनी वाचायचं ते त्यांना येणाऱ्या अक्षरांतलंच. गुरुजींचा घराचा मुद्दा धरून दर शनिवारी पालकांना त्या आठवड्याची अक्षरं चिठ्ठीवर देणार. वर्णमाला आणि बाराखडी दिवाळीनंतर, मुलं वाक्यं वाचायला लागल्यावर, क्रमाने आणि चालीवर.

वाई, बालवाचनालय चालवते

पुस्तकं निवडताना मला बोलवा. मोठ्या अक्षरातली आणि गावाकडची चित्रं असलेली निवडू. आणि मुलांच्या हाती नुसती चाळायला तरी द्या, कपाटात कुलूप लावून ठेवू नका.

निवृत्त गुरुजी, विटा

दिवाळीनंतर नको. बाराखडीचा तक्ता जूनपासून भिंतीवर असू द्या, शिकवू नका हवं तर. ज्याच्या घरी आजी म्हणवून घेते, ते मूल तक्त्यापाशी जाऊन आपली अक्षरं शोधेल. त्याला अडवायचं कारण मला दिसत नाही.

पहिलीच्या बाई

तक्ता लावते. काठी लावून म्हणवून घेणार नाही, एवढं मात्र नक्की.