जेंटल पॅरेंटिंग पटतं, पण ते एकट्या आईनेच का करायचं?

ठाणेकर_आई
मुलांवर ओरडायचं नाही, हात उचलायचा नाही, समजुतीने घ्यायचं, हे मला मनापासून पटतं. मुलगी साडेतीन वर्षांची आहे, धाकटा दीडचा. पण रील्समध्ये जे शिकवतात त्यात घरात एक आई, एक मूल आणि भरपूर वेळ असतो. आमच्याकडे पावणेआठला खाली व्हॅनचा हॉर्न वाजत असतो आणि मुलगी एका पायात बूट घालून दारात फतकल मारून बसलेली असते. मुलांना दोन पर्याय द्या म्हणतात, म्हणून विचारते, "लाल मोजे की पांढरे?" उत्तर येतं, "कुठलेच नको." मग "तुला राग आलाय, कळतंय मला" म्हटलं की भोकाड आणखी मोठं. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणतात, "बूट घाल, नाहीतर व्हॅनवाले काका पोत्यात घालून नेतील." की लगेच बूट पायात!
नवरा म्हणतो, तू तिच्याशी फार बोलतेस. माझं मत असं की पद्धत चुकीची नाही, पण ती आईने एकटीने पाळायचं व्रत होऊन बसली आहे. घरातले बाकीचे धाकाने वागणार असतील, तर मूल माझं का ऐकेल? तुमचा काय अनुभव?

सातारचे_आजोबा
सूनबाई, राग मानू नका, पण तुमच्या सासूबाईंचं काम झालं, तुमचं झालं नाही. धाक म्हणजे मार नव्हे. आमच्या वडिलांनी नुसते डोळे वटारले की आम्ही गप्प बसायचो आणि वडिलांवर प्रेमही तितकंच होतं. आज माझा नातू हॉटेलात टेबलावर चढतो आणि घरचे त्याला काय वाटतंय ते विचारत बसतात. तीन वर्षांच्या पोराने काय ठरवायचं? मोठ्यांनी ठरवावं, त्याने ऐकावं. त्यात त्यालाही निर्धास्त वाटतं.

बालवाडीताई
आजोबा, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. मोठ्यांनीच ठरवायचं. पण पोत्याचं काय? ज्या काकांच्या गाडीत मुलीला रोज एकटीला बसवायचं, त्यांचीच भीती तिच्या मनात घालायची? उद्या खरोखर कुणाच्या वागण्याची भीती वाटली, तर ती घरी सांगेल कशी? "शाळेत बाई कोंडून ठेवतात" हे घरी ऐकून आलेली मुलं आमच्याकडे शी दाबून धरतात, पण शीला जायचंय हे सांगत नाहीत. ही भीती जायला कित्येक आठवडे लागतात.
आणि हे रिकाम्या वेळेचं, श्रीमंतांचं खूळ आहे असं कुणी म्हणू नये. भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 साली बालमंदिर काढलं, ते शिक्षा आणि बक्षीस दोन्ही बाजूला ठेवून. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन हेच काम बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांमध्ये उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावर नेली. तिथे कुणाकडे फावला वेळ होता?

नोकरदार_माय
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुलना पटली नाही. बालवाडी दुपारी सुटते. आईला रात्री अडीचला उठून पुन्हा सकाळी शांत राहायचं असतं. 2017 पासून कायद्याने आईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदाच नाही, केंद्र सरकारी नोकरीत त्याला 15 दिवस मिळतात. म्हणजे बाळाचं रडणं ओळखायला शिकते ती आई, आणि मग आयुष्यभर "तुलाच जमतं" हे ऐकते तीही आईच. जिला झोप नाही, तिला "आवाज चढवू नका" सांगणं हा अन्याय आहे. आधी घरातलं काम वाटून घ्या, मग पद्धतीबद्दल बोलू.

पिंपरीतला_बाबा
बापाची बाजू मांडतो. माझा आक्षेप शब्दांच्या भडिमाराला आहे. मूल थयथयाट करत असताना त्याला काहीही ऐकू जात नाही, तेव्हा भावनांवरचं भाषण वायाच जातं. डायाना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960 च्या दशकातच तीन तऱ्हा सांगितल्या होत्या: नुसता हुकूम, नुसते लाड आणि माया राखून ठाम राहणं. लोक तिसरीच्या नावाखाली दुसरी करतात. शाळेत जायचं की नाही हा प्रश्नच नसेल, तर पर्याय कसले देता? बूट हातात घ्या, मुलीला उचला, व्हॅनमध्ये बसवा. रडली तर रडू दे, जवळ घ्या, पण बेत बदलू नका.

ठाणेकर_आई
बाबा, बरोबर आहे. फक्त कडेवर दीड वर्षाचं पोर असताना दुसरीला उचलून तीन जिने उतरायला आणखी एक माणूस लागतं. ते त्या वेळी दाढी करत असतं. माझा मूळ मुद्दा हाच आहे. सासूबाईंशी मात्र बोलेन. व्हॅनवाल्या काकांचं ताईंनी सांगितलं ते त्यांनाही पटेल, त्यांचा नातीवर फार जीव आहे.

सातारचे_आजोबा
पोत्याचं मीही मागे घेतो. पण ताई, परवा नातवाने लहान बहिणीच्या दंडाला चावा घेतला. दात उमटले होते. मी एक धपाटा घातला. तिथेही गोडच बोलायचं?

बालवाडीताई
गोड मुळीच नाही. आधी दोघांच्या मध्ये बसायचं आणि त्याला हाताने मागे धरायचं. आवाज खालचा, पण चेहरा गंभीर: "चावू देणार नाही." एवढंच. मग त्याला सोडून पहिल्यांदा बहिणीला जवळ घ्यायचं, दंडावर गार पाण्याची पट्टी ठेवायची. चावणाऱ्याकडेच सगळं घर धावलं, तर लक्ष वेधायला तो पुन्हा चावतो. तो शांत झाला की पट्टी धरायला त्यालाच बोलवायचं. आणि चावा कधी घेतो ते बघा. आमच्याकडे बहुतेकदा जेवणाच्या आधी, भूक लागलेली असताना घेतात.

सातारचे_आजोबा
भुकेचं खरं असेल, संध्याकाळचीच वेळ होती. धपाट्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. चावा घेतला की समोरच्याला दुखतं, हे पोराला त्याच क्षणी कळायला हवं.

नोकरदार_माय
आजोबा, धपाट्याने त्याला कळतं ते एवढंच की मोठ्याने लहानाला मारलं तर चालतं. तो बहिणीपेक्षा मोठा आहे.