मदत हवी आहे: ११ जुलै, फिजी-इंग्लंड रग्बी. आईबाबांना नेऊ का?

परागकण
पटकन सांगा, आज-उद्यात ठरवायचंय. ११ जुलैची फिजी-इंग्लंड मॅच, फिजीची होम मॅच. आईबाबांना न्यायचं आहे, दोघांनीही रग्बी कधी पाहिलेली नाही. कुठल्या बाजूची तिकिटं घेऊ? आणि मॅच खरी आहे ना? ऑफिसातला एक जण म्हणतो नुसता सराव सामना आहे, पैसे घालवू नकोस.

भटकभवानी
भारतीय पासपोर्टवर फिजीचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून जा. जुलैत तिथे कोरडा मोसम, हवा मस्त. मॅचच्या नावाखाली आठवडाभर राहूनच या.

मिरजकर
फिजीत कुठे, सुव्हाला आहे की नांदीला? किती जण? बजेट? काहीच न सांगता धागा काढायचा आणि वर "पटकन सांगा".

परागकण
अहो, मॅच लिव्हरपूलला आहे. मी तिथून जवळच, वॉरिंग्टनला असतो. आईबाबा जूनअखेर येताहेत. आम्ही तिघं.

मिरजकर
फिजीची होम मॅच लिव्हरपूलला?? काहीही.

ढकलगाडी
काहीही नाही, खरं आहे. यंदापासून नेशन्स चॅम्पियनशिप सुरू होतेय. युरोपातल्या सिक्स नेशन्स स्पर्धेचे सहा संघ एकीकडे. दुसरीकडे न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, जपान आणि फिजी. जुलैत तीन फेऱ्या, नोव्हेंबरात तीन, मग २७ ते २९ नोव्हेंबरला लंडनमध्ये ट्विकनहॅमला शेवटच्या लढती. फिजीच्या जुलैतल्या तिन्ही 'घरच्या' मॅचेस ब्रिटनमध्येच: वेल्सविरुद्ध कार्डिफ, इंग्लंडविरुद्ध लिव्हरपूल, स्कॉटलंडविरुद्ध एडिंबरा. तेव्हा सराव वगैरे नाही, गुण मोजले जाणार. ऑफिसातल्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

किवी_काका
मला हे अजिबात पटलेलं नाही. इंग्लंड ४ जुलैला जोहान्सबर्गला, ११ला परत स्वतःच्या देशात, १८ला अर्जेंटिनात. आणि फिजीने मात्र पाहुण्याच्या अंगणात जाऊन यजमान व्हायचं! सुव्हात खेळवा, मग बघू कोण जिंकतं.

ढकलगाडी
काका, सुव्हाच्या मैदानातून मिळणार किती? लिव्हरपूलच्या स्टेडियमात पन्नास हजारांवर माणूस बसतं. फिजीच्या बोर्डाला पैसा नको का?

किवी_काका
पैसा हवाच. पण सुव्हातल्या पोरांनी आपला संघ टीव्हीवरच बघायचा का? आणि फिजी लिंबूटिंबू नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये ट्विकनहॅमला जाऊन त्यांनी इंग्लंडला ३०-२२ हरवलं होतं. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीतही सहाच गुणांनी हरले.

सोनचाफा
बाबांना क्रिकेट आवडतं का? ४ जुलैला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डला भारत-इंग्लंड टी-२० आहे. वॉरिंग्टनहून ते कितीसं लांब! रग्बीत म्हातारी माणसं कंटाळतील हो.

परागकण
सोनचाफाताई, ती तिकिटं काढलीयत. प्रश्न रग्बीचा आहे.

टवाळ
११ जुलैला फुटबॉल वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी पण आहे. घरी बसा, सोफा फुकट.

लँकशायरकर
वॉरिंग्टनला राहून युनियनच्या, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीच्या मॅचला जाताय? तुमचं गाव रग्बी लीगचं, तो वेगळा प्रकार. खाणीतले, गिरणीतले खेळाडू मॅचसाठी कामावर खाडा करायचे. त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही यावरून १८९५ साली उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले. त्यात वॉरिंग्टन होतं. लीग तेरा जणांची, लाइनआउट (चेंडू बाहेर गेला की रांगा लावून आत फेकणं) नाही, खेळ सुटसुटीत. नवख्या माणसाला आधी ती दाखवा. आईबाबांना गावातल्याच मैदानावर न्या.

ढकलगाडी
झालं, आता १८९५.

लँकशायरकर
इतिहास माहीत नसला की असंच होतं.

जिमखाना_९
मी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळलोय, म्हणून सांगतो. खालच्या रांगा घेऊ नका. खेळाडू जवळ दिसतात, पण समोर नुसता ढीग आणि पाठी. मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेजवळ, जमेल तितकं वर बसा. बचावाची रांग कुठे विरळ झालीय ते वरूनच कळतं. बाबांना एवढंच सांगा: हाताने पास मागेच किंवा फार तर आडवा, पुढे जायचं तर पळत नाहीतर लाथेने. ट्रायचे (गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की) ५, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे ३. बाकी अर्ध्या तासात त्यांचं त्यांना उमगेल. स्क्रम (दोन्ही संघांची एकमेकांना भिडून ढकलाढकली) का कोसळली हे विचारलं तर गप्प राहा, ते भल्याभल्यांना कळत नाही.

परागकण
हे हवं होतं! पण फार वर नको, बाबांचा गुडघा दुखतो.

मिरजकर
हे आता सांगताय?

जिमखाना_९
मग मधल्या उंचीच्या, पण लांब बाजूच्याच. गोलमागच्या दक्षिण स्टँडमध्ये चुकूनही घेऊ नका, तो अगदी उभा आहे.

लँकशायरकर
आणि गाडी नेऊ नका, मॅचच्या दिवशी तिथल्या गल्ल्यांत पार्किंगला बंदी असते. लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरून सेंट्रल स्टेशनपर्यंत चालत, तिथून मर्सीरेलच्या लोकलने सँडहिल्स. पुढे पंधराएक मिनिटं पायी. बाबांच्या गुडघ्याला जमणार नसेल तर स्टेडियमवाल्यांना आधी फोन करून सोय विचारा.

परागकण
पायऱ्या जमत नाहीत, सपाटीवर चालतात ते. तीन तिकिटं, लांब बाजू, मधली उंची. काढतो. आई विचारतेय, पाठिंबा कुणाला द्यायचा?

किवी_काका
हा काय प्रश्न झाला? फिजी!