दुधाची दाढ उपटायची घाई नको
पस्तिशीत दुधाची दाढ सापडली, काढावी का, असं एकाने विचारलंय. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढा. खाली कायमचा दात आहे की नाही, यावरच सगळं ठरतं.

दुधाचा दात पडतो कारण खालून येणारा दात वर सरकताना त्याचं मूळ विरघळत जातं. खाली कोणीच नसेल तर मूळ बरंचसं शाबूत राहतं आणि दात चाळिशी-पन्नाशीपर्यंतही टिकू शकतो. अक्कलदाढा सोडल्या, तर खालची दुसरी उपदाढ (सुळा आणि दाढा यांच्या मधला कायमचा दात, जो दुधाच्या दाढेच्या जागी येतो) जन्मतःच नसण्याचं प्रमाण बरंच. हे घराण्यातून येतं. आमच्याकडे मावशी आणि मामेभाऊ, दोघांनाही आहे. त्यामुळे भावंडांचंही तपासून घ्या.

दुधाचा वरचा सुळा राहिला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खरा सुळा बहुधा टाळूकडे आडवा अडकलेला असतो, आणि तो शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. तिथे चालढकल नको.

दाढ शेजारच्यांपेक्षा खाली बसल्यासारखी दिसते का? मग ती हाडाला चिकटलेली असू शकते. घट्ट असेल तर माझं मत, राहू द्या. फक्त तिचं एनॅमल पातळ असतं, कीड लवकर आत शिरते.